खाली अभिप्राय नक्की कळवा

धान कापणीला आलं की आमच्याकडे मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, पत्रिका निघतात. दिवाळी सरते, शेतांतल्या बांधीबांधीत धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे उभे राहतात, हवेत त्या कापलेल्या धसकटांचा ओलसर वास भरतो, आणि मोहाडीच्या चौकातल्या भिंतीवर रात्रीतून लाल-पिवळे कागद चिकटलेले दिसतात. अमुक गावी मंडईनिमित्त तीन अंकी नाटक. नायिकेचा गोल चेहरा, खलनायकाच्या भुवया, आणि कोपऱ्यात हास्यसम्राट म्हणून कुणाचा तरी दात काढलेला फोटो. लहानपणापासून ते कागद पाहिले की माझे पाय आपोआप थांबायचे. अजूनही थांबतात. पण दोन हंगाम झाले, त्या कागदांकडे पाहताना मनात आनंदाच्या आधी दुसरंच काहीतरी येतं. चिडचिड म्हणा. स्वतःवरची चिडचिड सगळ्यात वाईट, कारण ती कुणावर काढता येत नाही.

मी कापडाच्या दुकानात बसते. सासरचं घर विणकरांचं; शेजारी चुलत सासऱ्यांकडे अजून एक माग चालतो आणि त्याची ठकठक आमच्या मधल्या खोलीत दिवसभर ऐकू येते. आमच्या घरात नाटकाचं वेड दोघांनाच, मला आणि माझ्या धाकट्या दिराला, विलासभाऊजींना. भाऊजी संगणकाच्या कामात हुशार. त्यांनी सहा-सात वर्षांपूर्वी नाटकवेड्यांसाठी एक संकेतस्थळ काढलं. कुठल्या गावी कधी कोणतं नाटक, कोण कोणत्या भूमिकेत, जुनी पोस्टरं, प्रेक्षकांची मतं, असं सगळं त्यावर. नाव ठेवलं ‘घंटा झाली’. नाव मीच सुचवलं होतं. पुढे लोक त्यातला फक्त पहिला शब्द लिहून मोकळे होतील, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

संकेतस्थळावर आमचा एक व्हिडिओ कार्यक्रमही होता. पहिले तीन हंगाम तो फार देखणा निघाला, आणि त्याचं श्रेय राजूचं. राजू म्हणजे भाऊजींचा मित्र, लग्नाचे फोटो काढणारा. त्याच्याकडे चांगला कॅमेरा होता, दिवे होते, आणि हौस होती. आम्ही तिघं नाटकाच्या दिवशी दुपारीच त्या गावी पोचायचो. आंबागडची दुपार मला अजून आठवते. मागे डोंगरावर किल्ल्याचा काळा तट, खाली मोकळ्या वावरात मंडप बांधायचं काम, आणि चार वाजल्यापासूनच बाया येऊन जागा धरतायत. कुणी बोरा अंथरला, कुणी चटई, एकीनं तर नुसती वीट ठेवली आणि विटेवर आपल्या नातीचं नाव खडूनं लिहिलं. शाळेच्या वर्गात नाटकातला राजा बनियनवर बसून स्वतःच्या अंगरख्याला इस्त्री करत होता. राजूनं ते सगळं टिपलं. त्या भागाखाली कुणीतरी लिहिलं होतं, “मावशीची वीट दिसली. पुण्यात बसून रडू आलं.” मी ते वाक्य तेव्हा वाचलं आणि पुढे गेले. आपलं काम लोकांना आवडतं एवढाच अर्थ मी त्यातून घेतला.

मग राजूला रायपूरला नोकरी लागली. तो गेला, कॅमेरा गेला, त्याची गाडीही गेली.

“वहिनी, बंद करू का?” भाऊजींनी विचारलं.

“बंद काहून करता? घरी करू ना.”

तर अशी ती स्वस्तातली आवृत्ती सुरू झाली. मधल्या खोलीतली पोपटी भिंत, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, स्टँडवर भाऊजींचा फोन, आणि पाहुण्याच्या कॉलरला लावायचा एक छोटासा माईक. कुणी कलाकार नाहीतर जुना रसिक बोलवायचा, अर्धा तास गप्पा मारायच्या. नाटकाची गोडी असली की भिंत कोण पाहतंय, असं मला खरंच वाटायचं. पहिल्या भागाच्या शेवटी मी कॅमेऱ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, “हे नवं रूप कसं वाटलं? खाली अभिप्राय नक्की कळवा.”

लोकांनी कळवला.

“हे नाटकाबद्दल आहे की ग्रामपंचायतीच्या सभेबद्दल?” “मागे ठकठक काय चालू आहे, घर पडते का?” “भिंतीचा रंग बदला, डोळे दुखून राहिले.” “पंखा बंद करा.” पुढच्या भागात पंखा बंद केला, तर “पाहुण्याले घाम आला, पंखा तरी लावा.” एकानं लिहिलं, “ताई स्वतःच जास्त बोलते.” दुसऱ्यानं, “पहिले गावं दिसत होती, आता नुसती भिंत दिसते.” आणि नुसतं “घंटा” लिहिणारे तर मोजायची सोय नव्हती.

दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी फोन काढून ते वाचत बसायची. वाचायचं नाही असं ठरवून वाचायची. लुगड्याच्या घड्या घालताना मनातल्या मनात उत्तरं द्यायची. अरे बाबांनो, तुम्ही फुकटात पाहता. आम्ही दुकान, घर, सैपाक सांभाळून हे करतो. भांडत असायची मी, समोर कुणी नसताना. नवरा म्हणायचा, “नाही आवडत लोकाले तं सोडून दे ना.” त्यानं मला अजूनच राग यायचा. न आवडणं मला चाललं असतं. पण ही माणसं सोडून जात नव्हती. दर आठवड्याला येऊन, शेवटपर्यंत पाहून, मग नावं ठेवत होती.

त्यात एक नाव पक्कं. ‘दयाराम, करडी’. करडी आमच्याच तालुक्यातलं, वैनगंगेच्या पलीकडचं गाव. या गृहस्थाचा अभिप्राय शनिवारी सकाळी यायचाच, आणि चांगला लांबलचक. अकराव्या मिनिटाला पाहुण्याचं वाक्य अर्धं राहिलं. सतराव्या मिनिटाला तुम्ही नाटकाचं नाव चुकीचं घेतलं. माईक छातीच्या फार खाली लावता, शब्दाचं शेपूट ऐकू येत नाही. शिवी नाही, टिंगल नाही. पण एकेक चूक अशी टोचून दाखवलेली की शाळेत वही परत मिळाल्यासारखं वाटायचं. शेवटी नेहमी एकच ओळ: “सुधारणा करावी ही विनंती.”

एका शनिवारी दुकानात गर्दी होती, घरी पाहुणे होते, आणि दयारामजींनी नऊ मुद्दे लिहिले होते. मी उभ्या उभ्या उत्तर दिलं, “एवढं कळतं तर तुम्हीच येऊन करून दाखवा.”

तासाभरानं उत्तर आलं. “कधी येऊ जी?”

ते मंगळवारी दुपारी आले. साठीच्या पुढचा, सडपातळ माणूस. पांढरा शर्ट इतका कडक इस्त्रीचा की मोटारसायकलवरून येऊनही मोडला नव्हता. एका हातात शाळेची वही, दुसऱ्या हातात कापडी पिशवी.

“नवे तांदूळ आहेत,” पिशवी माझ्या हाती देत ते म्हणाले. “रिकाम्या हातानं कसा येऊ.”

मला ते आवडलं नाही. मी भांडायच्या तयारीत होते, आणि भांडायला आलेल्या माणसानं तांदूळ आणायचे नसतात.

भाऊजी त्या दिवशी कामासाठी भंडाऱ्याला गेले होते. त्यामुळे स्टँडवर माझाच फोन लावणं, माईक लावणं सगळं माझ्याकडे. मी माईकची क्लिप त्यांच्या कॉलरला अडकवली, बरोबर त्यांनी सांगितली होती तितकी वर. फोन सुरू केला आणि समोर बसले. ते सुरुवातीला वही उघडून बोलू लागले. प्रेक्षकानं नाटक कसं पाहावं वगैरे. दुसऱ्याच मिनिटाला माझं लक्ष त्यांच्या कॉलरकडे गेलं. माईकवर एक हिरवा ठिपक्याएवढा दिवा असतो. तो लागलेला नव्हता. बटण दाबायचं राहिलं होतं.

हात पुढे करून बटण दाबायला मला दोन क्षण लागले असते. पुन्हा सुरू करायला फार तर एक मिनिट. मी हात मांडीवरच ठेवला. मनात जे आलं ते अगदी स्पष्ट आठवतं, म्हणून लिहिते: आता कळेल यांना.

आणि नेमकी तेव्हाच त्यांनी वही मिटली. कशावरून तरी त्यांना त्यांच्या बहिणीचं गाव आठवलं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावांपैकी एक. लोकांना नव्या जागेवर जायचं होतं, घरं मोडणं सुरू झालं होतं. छपरं उतरवलेली, चौकटी काढून ठेवलेल्या. त्या वर्षी मंडई करायची का नाही यावर गावात वाद झाला. म्हातारे म्हणाले, जिथं दरवर्षी झाली तिथं शेवटची होऊ द्या. नाटक ठरलं, पण मंचाला फळ्या नव्हत्या. तेव्हा गावानं आपापल्या घराची काढून ठेवलेली दारं आणून जमिनीवर विटांवर मांडली. दारांचा मंच. “मी मंचाच्या बाजूलेच होतो,” दयारामजी म्हणाले, “आणि लोकं नाटकाकडे पाहून नव्हते राहिले जी. राजा चालला का बाया म्हणत, तो पाहा, माह्या दारावर उभा आहे.”

मग ते बहिणीबद्दल काहीतरी बोलले. तिच्या दाराची कडी काढायची राहिली होती, नायकाच्या पायाला ती लागली, एवढं मला आठवतं. त्यापुढे काय झालं, नाटक पुरं झालं का, बहीण काय म्हणाली, ते मला सांगता येणार नाही. मी ऐकत नव्हते. मी त्या न लागलेल्या दिव्याकडे पाहत होते आणि आपला चेहरा सहज दिसावा याची काळजी घेत होते.

पंचवीस मिनिटांनी ते थांबले. पाणी प्यायले. मग वाकून त्यांनी मला विचारलं, “आवाज बराबर आला ना जी?”

“पाहू ना. येईल,” मी म्हणाले.

संध्याकाळी भाऊजींनी ते ऐकलं. फोनच्या आतल्या माईकनं दुरून जे उचललं होतं तेवढंच होतं. पंख्याची घरघर, शेजारच्या मागाची ठकठक, आणि खोल विहिरीतून यावा तसा एक माणसाचा आवाज.

“वहिनी, हे तं काहीच समजत नाही. त्याहीले परत बोलावू.”

“काही गरज नाही. जसं झालं तसं टाका. नावं ठेवणं किती सोपं असते, ते लोकाले बी समजू द्या अन् त्याहीले बी.”

भाऊजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. पण संकेतस्थळावर काय जायचं ते मी ठरवायची, हा आमचा पहिल्यापासूनचा शिरस्ता. भाग गेला.

खालचे अभिप्राय मी इथं फारसे देत नाही. “आजोबा, तोंडात सुपारी आहे का?” हा त्यातल्या त्यात सौम्य. “ताई बऱ्या होत्या, त्यांना परत आणा” असंही तिघा-चौघांनी लिहिलं. खोटं कशाला सांगू, ते वाचून मला बरं वाटलं. एक पूर्ण दिवस बरं वाटलं.

पुढच्या शनिवारी मी सकाळी फोन उघडला. करडीहून काही नव्हतं. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. मी अकराव्या मिनिटाला चुकले की सतराव्या, हे सांगणारं कुणी उरलं नाही. बाकीचे लिहितच होते, भिंतीबद्दल, पंख्याबद्दल. पण ती मंडळी फक्त पाहत होती. ऐकणारा एकच माणूस होता, आणि तो गेला होता. हे कळायला मला अख्खा हंगाम जावा लागला. होळी झाली, मंडप उतरले, नाटक कंपन्या आपापल्या गावी परतल्या. उन्हाळ्यात दुकानात मी कानात इअरफोन घालून तो भाग परत परत ऐकायची. आवाज वाढवला की पंखाही वाढायचा. ‘दार’ एवढं कळायचं. एकदा ‘कडी’. एकदा ते हसले, तेवढं मात्र स्वच्छ. आमच्या संकेतस्थळावर इतक्या वर्षांत कुणी सांगितलेली सगळ्यात मोलाची गोष्ट तिथं पडून होती आणि ती कुणालाच ऐकू येत नव्हती. राग राग यायचा. प्रेक्षकांचा नाही, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. माझ्या मांडीवर ठेवलेल्या त्या हाताचा.

मधल्या काळात मी कितीदा तरी ठरवलं की जाऊन यावं. दर वेळी काहीतरी निघायचं. लग्नसराई, मग पाऊस, मग धानाची रोवणी. मुळात मला लाज वाटत होती, बाकी सगळी निमित्तं. अखेर गेल्या वर्षी धान कापणीला आलं तेव्हा भाऊजीच म्हणाले, “वहिनी, मी गाडी काढतो. चला.”

करडीत घर विचारलं तर ते बांधीवर आहेत असं कळलं. मळणीयंत्र सुरू होतं, भुशाचा पिवळा धुरळा उडत होता, आणि दयारामजी डोक्याला दुपट्टा गुंडाळून धानाची रास सारखी करत होते. आम्हाला पाहून त्यांनी यंत्र थांबवायला सांगितलं. एकदम शांत झालं.

“या जी. पाणी घ्या पहिले.”

पाणी घेतलं. मग मी सगळं सांगितलं. दिवा लागला नव्हता, मला दिसलं होतं, मी बोलले नाही. सांगायला एक मिनिटही लागलं नाही. वर्षभर जे छातीवर होतं ते एवढंसंच होतं.

त्यांनी हातातली लोंबी चोळली, दाणे राशीत टाकले.

“मले वाटलं, माझाच आवाज गेला आता,” ते म्हणाले. “घरी बी बोलायचं कमी केलं होतं मी. सून म्हणे, बाबा, तुमचं तं समजते आमाले. पण मी म्हणलं, लोकं लिहून राहिले तं खरंच असन.”

भाऊजी दुसरीकडे पाहू लागले.

“तुमाले एक सांगू का जी?” दयारामजी पुढे म्हणाले. “आमच्या गावच्या मंडळात मी वीस वर्षं प्रॉम्प्टर होतो. पडद्याआडून वाक्यं सांगाचं काम. तुमी कधी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. त्या वीस वर्षांत मंचावर असे बी लोकं होते, ज्याहीच्यासंगं माझा बांधावरून वाद. बोलणं-चालणं बंद. पण तो वाक्य विसरला, का मी सांगत होतो. त्याले तिथं तसाच उभा नाही ठेवला.”

आवाज चढला नव्हता त्यांचा. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हणाले, “तो भाग काढून टाकते. तुम्ही परत एकदा सांगाल का? तुमच्या बहिणीच्या गावचं, दारांचं?”

“नाही जी. ते काही पाठ केलेलं नव्हतं. बसल्या बसल्या आलं, सांगितलं. आता सांगीन तं भाषणासारखं होईन.” मग म्हणाले, “अन् काढूबी नका. राहू द्या. त्याच्याखाली तुमच्या नावानं लिहून द्या, काय झालं ते.”

“लिहिते. घरी गेल्यावर—”

“आताच लिहा. रेंज येते इथं.”

मी तिथेच, धानाच्या राशीशेजारी उभी राहून लिहिलं. बोटांना भुसा चिकटत होता. ‘या भागातल्या आवाजाचा दोष दयारामजींचा नाही. माईक बंद होता. मला दिसत होतं. मी सांगितलं नाही.’ पाठवायच्या आधी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो हातभर लांब धरून, ओठ हलवत, दोनदा वाचला.

“‘सांगितलं नाही’च्या पहिले ‘जाणूनबुजून’ टाका,” ते म्हणाले. “नाहीतं विसरल्यासारखं वाटते.”

मी टाकलं. पाठवलं. त्यांनी मान हलवली आणि यंत्र सुरू करायला हात केला. निघताना त्यांच्या सुनेनं चहा दिला, गाडीपर्यंत सोडायला ते स्वतः आले, हसलेही थोडे. पण करडीहून त्यानंतर एकही शनिवारचा अभिप्राय आलेला नाही. मी वाट पाहायचं सोडलं असं मात्र म्हणवत नाही.

आता पुन्हा तोच वास, तेच लाल-पिवळे कागद. या वर्षी आम्ही महिन्यातून एकदा तरी फोन घेऊन एखाद्या गावी जातो. चित्र हलतं, आवाजात वारा शिरतो, आणि लोक नावं ठेवतात. माईक लावताना आता मी दोनदा पाहते आणि पाहुण्याला मोठ्यानं सांगते, “दिवा लागला.” बोलताना मध्ये तोंड घालायची माझी सवय काही पूर्ण गेलेली नाही.

करडीहून परतताना, नदीच्या पुलावर गाडी आली तेव्हा मी फोन उघडून पाहिला होता. माझ्या त्या चार वाक्यांखाली पहिलं उत्तर येऊन पडलं होतं. कुणी अनोळखी प्रेक्षक. त्यानं एवढंच लिहिलं होतं, “मंग तवाच काहून नाही सांगितलं?”

इतक्या वर्षांत मी बऱ्याच अभिप्रायांना उत्तरं दिली. काहींना चिडून, काहींना गोड बोलून. याला अजून दिलेलं नाही.